सिंधूजिजीच्या भिंती

मी नवी सून म्हणून या गावात आले, त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला शेजारचं घर दाखवायला नेलं. लोक देऊळ दाखवतात तसं. ओसरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "दख, हाई घर शे. काही शिक." तेव्हापासून सिंधूजिजीचा मला जो राग आला, तो जायला बरीच वर्षं लागली. सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठाला आमचं गाव. गावातल्या प्रत्येक सुनेला कधी ना कधी हे घर दाखवलं गेलं होतं, आणि प्रत्येक सुनेने माघारी आल्यावर नाक मुरडलं होतं.

पण घर होतंच तसं. भिंती पांढऱ्या मातीने पोतारलेल्या, खाली गेरूचा पट्टा, जमीन शेणाने सारवलेली. जिजी दिसायला किडकिडीत, आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. नवरा पितांबरभाऊ, आणि एकुलती एक लेक सरला. तिघांच्या संसाराला कामं ती किती असणार? पण जिजीला उसंत नसे. तिचं सगळं आयुष्य किड्यांशी भांडण्यात चाललेलं. गव्हाच्या कणगीत कडुनिंबाचा पाला, डाळीला एरंडेलाचा हात, तुपाच्या बरणीखाली पाण्याची परात, म्हणजे मुंग्या चढायला नकोत. सणाच्या लुगड्यांना कसर लागू नये म्हणून ती महिन्या-दोन महिन्यांनी सगळी पेटी उन्हात उपडी करायची. छपराच्या वाशाला उधई, म्हणजे वाळवी, दिसली की पितांबरभाऊंचं जेवण लांबायचं. आधी वासा खरवडायचा, मग ताट.

खरं वैर मात्र ढेकणांशी. ढेकूण कोणाच्या घरात नव्हते? आमच्या घरात होते, पाटलांच्या घरात होते. पाहुणा आला की सकाळी त्याच्या मानेकडे बघायचं नाही, एवढा शिष्टाचार सगळे पाळत. जिजीला हे मान्यच नव्हतं. उन्हाळ्यात दर चार-आठ दिवसांनी ती खाटा अंगणात काढायची, दणादण आपटायची, सांध्यांत उकळतं पाणी ओतायची, वर घासलेटची चिंधी फिरवायची. मी कुंपणापलीकडून म्हणायचे, "जिजी, एखादा तरी ठेवा, बीजाले!" ती हसायची नाही. तिला या बाबतीत गंमत कळत नसे.

मग डीडीटीवाले आले. ही त्रेपन्न-चोपन्न सालची गोष्ट. आमच्या भागात पावसाळा सरला की घराघरांत माणसं गोधडीखाली कुडकुडत पडलेली असायची. त्या हिवतापासाठी सरकारने भिंतींवर औषध मारायला सुरुवात केली. बादली, पंप आणि लांब नळी घेऊन दोघं-तिघं यायचे, आतली भांडी-अंथरुणं बाहेर काढायला लावायचे, भिंती ओल्या करून निघून जायचे. जाताना दारावर गेरूने तारीख लिहायचे. त्यांच्यातला म्होरक्या रामसिंग, शहाद्याकडचा. तोंडाने गोड, कामाला चोख.

पहिल्या वर्षी जिजी त्याच्यावर एवढी खूश झाली की तिने त्याला शिरा करून घातला. कारण काय, तर ढेकूण मेले! खाटेखाली त्यांचा सडा पडला होता. माश्या मेल्या, पिसवा मेल्या, झुरळं उताणी पडली. सगळा गाव पहिल्यांदा सुखाने झोपला. रामसिंग सांगत राहिला की औषध मच्छरांसाठी आहे, पण ऐकतो कोण. मच्छर मेलेला कोणाला दिसतो? ढेकूण दिसतो. आम्ही सगळ्यांनी त्या औषधाला ढेकणांचं औषध ठरवून टाकलं, आणि तिथेच चूक झाली.

दोन-तीन वर्षांत ढेकूण परत आले. नुसते आले नाहीत, औषध मारलं की भिंतीच्या फटींतून बाहेर पडून दुप्पट चावायला लागले. जिजीला हा आपला अपमान वाटला. रामसिंग दिसला की ती ओसरीवरूनच ओरडायची, "ये रे बापा! तुन्ही दवाई पीसन ढेकूण पहिलवान व्हई गयात!" गल्ली हसायची, रामसिंगही हसायचा. पण हिवताप गावात खरोखर कमी झाला होता. कमी झालेल्या गोष्टीबद्दल कोण बोलणार? आम्ही बोललो नाही.

छप्पन्न-सत्तावन्नचं साल असेल. सरला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला म्हसावदला दिली होती. जावई छगनराव, घरची शेती. सरला आईसारखी बोलकी नव्हती. एकदा सांगायची, दुसऱ्यांदा सांगायची नाही. आषाढात आली तेव्हा पोट दिसू लागलं होतं. जिजीने मधली खोली तिला दिली, आणि त्या खोलीतल्या खाटेवर जो काही हल्ला चढवला म्हणता! नवी दोरी आणून खाट पुन्हा विणली, लाकडं उकळत्या पाण्याने धुतली, गोधड्या तापीवर नेऊन आपटल्या. माझ्या लेकीला या घरात एक ढेकूण चावता कामा नये, हा तिचा पण होता. आणि खरंच, एकही चावला नाही.

श्रावण लागला. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्याआधी घराचा कोपरा न् कोपरा धुवायचा, भिंती पोतारायच्या, मग देवी मांडायची आणि रोटांचा स्वयंपाक करायचा. घरात कोणी काही अस्वच्छ ठेवलं तर कानबाई रुसते, असं सगळ्या बायका मानत. जिजी तर जास्तच. आणि नेमके त्याच दिवसांत डीडीटीवाले आले. जिजी रानात होती. पितांबरभाऊंनी भिडस्तपणे दार उघडलं, रामसिंगने सगळं घर फवारलं, मधली खोलीसुद्धा, आणि निघताना बजावलं, "भाऊ, दोन-तीन महिना भितले हात लावू नका. दवाई भितवर ऱ्हायनी तरच मच्छर मरतस."

जिजी संध्याकाळी परतली. भिंतींवरून पांढुरके ओघळ उतरलेले, घरभर घासलेटसारखा उग्र वास. माझ्या परसात उभं राहून मला सगळं ऐकू येत होतं. "कानबाई येवाले आठ दिन ऱ्हायनात, अन् तुम्ही हाई काय करी ठेवं?" पितांबरभाऊंनी रामसिंगचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "ढेकूण मरत नहीत, ते मच्छर काय मरतीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाटीभर विरजण मागायला गेले, तर जिजी पदर खोचून शिडीवर चढलेली. घमेल्यात पांढरी माती कालवलेली, हातात पोतेरं. सरला खाटेवर बसून बघत होती. ती म्हणाली, "माय, ऱ्हाऊ दे ना. आम्हना तठे भितले कोणी हात लावत नही." म्हसावद डोंगराच्या पायथ्याशी. तिच्या धाकट्या दिराला आदल्या वर्षी हिवतापाने नेलं होतं, आणि ते घर त्यातून एवढं शिकलं होतं.

जिजी शिडीवरूनच म्हणाली, "तुम्हना तठे कोणी ढेकूणबी काढत नही."

मी हसले. मला वाटलं, मायलेकींची नेहमीची जुगलबंदी आहे. जिजीने तीन दिवस खपून सगळं घर पोतारलं, मग गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघून कामाला लागल्या, आणि कानबाईच्या आत आमच्या गल्लीत औषधाची एक भिंत उरली नाही.

त्या वर्षीची कानबाई फार देखणी झाली. लोक जिजीच्या घरी बघायला आले. सरला नवं लुगडं नेसून देवीपुढे बसली होती, आणि जिजीचा चेहरा असा फुलला होता की माझा जुना राग तेवढ्यापुरता विरघळला.

भाद्रपदात सरलाला ताप आला. आधी थंडी वाजली, मग अंग भाजू लागलं, मग घाम येऊन उतरला. जिजीने डोहाळ्यांचा अशक्तपणा म्हणून काढा दिला. एक दिवस बरा गेला, की पुन्हा थंडी. तिसऱ्या खेपेला सरलाच्या दातांचा आवाज माझ्या ओसरीपर्यंत आला आणि आम्ही गाडी जुंपली. शहाद्याच्या डॉक्टरांनी डोळे बघितले, बोटाचं रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. मग त्यांनी सहज विचारलं, "घरात फवारणी झाली होती ना?"

पितांबरभाऊ खाली बघत राहिले. जिजीच बोलली. "व्हयनी होती," ती म्हणाली. "मी पोतारी टाकी." सरलाने डोळे मिटून घेतले.

ताप उतरला, पण कळा वेळेआधीच सुरू झाल्या. मुलगा झाला. मुठीएवढा जीव, रडला सुद्धा नाही नीट. दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. जिजीने त्याच्यासाठी शिवलेली सगळी दुपटी तशीच पेटीत होती, पाला घालून जपलेली.

जिजीला कोणी दोष दिला नाही. द्यायचा तर आम्ही सगळ्याच वाटेकरी होतो. छगनराव येऊन सरलाला घेऊन गेले. जाताना ती आईच्या पाया पडली, माझ्याही पडली. एक शब्द कडू बोलली नाही. ती बोलली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर फार बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या वेळेला सरला माहेरी आली नाही. छगनरावांनी निरोप धाडला, तिला तिकडेच बरं वाटतंय. पुन्हा मुलगा झाला, धडधाकट. बारशाला जिजी मला सोबत घेऊन एस.टी.ने म्हसावदला गेली. त्या घराच्या भिंती काळ्या पडलेल्या, त्यावर फवाऱ्याचे ओघळ एकावर एक, कोपऱ्यांत जाळी, फटींजवळ ढेकणांचे डाग. जिजीचे हात शिवशिवायला लागले. सरला आत पाळण्यापाशी होती तेवढ्यात तिने परसातली पांढरी माती घमेल्यात भिजवली. पाहुणे यायच्या आत पाळण्यामागची एवढी एक भिंत, असं ती मला कुजबुजत म्हणाली. सवयच ती. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

सरला बाहेर आली. तिने घमेलं आईच्या हातातून काढून घेतलं आणि उकिरड्यावर रिकामं केलं. "माय, तू आठे पाहुणी शे," ती म्हणाली. "बठ. मी चहा टाकस."

जिजी बसली. चहा पिऊन झाल्यावर तिने हात घासून धुतले आणि मगच नातवाला मांडीवर मागितलं. सरलाने दिला. परतताना एस.टी.त ती मला एवढंच म्हणाली, "ती चुकनी नही."

त्यानंतर जिजीने घराच्या भिंतींना पोतेरं लावलं नाही. कानबाईलाही नाही. बायका कुजबुजल्या, देवी रुसेल म्हणाल्या. ती म्हणाली, रुसू दे. वर्षामागून वर्षं रामसिंगचे ओघळ तिच्या भिंतींवर साचत गेले, ढेकूण मजेत राहू लागले, आणि सुनांना ते घर दाखवणं बंद झालं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात, चार-पाच दिवस झोके घेतात, गाणी म्हणतात. सरला यायची. मुलाला घेऊन सकाळी यायची, जेवायची, आईला वेणी घालून द्यायची. जिजी दरवर्षी नातवासाठी खाट टाकून ठेवायची. उन्हं कलली की सरला उठायची, आणि जिजी तिला हाताला धरून मधल्या खोलीत न्यायची, त्या मळक्या भिंतीपाशी. "दख बाई, मी भितले हात लाया नही."

सरला भिंतीकडे बघायची. "हो माय," म्हणायची. आणि पोराला कडेवर घेऊन, दिवस मावळायच्या आत, गाडी जुंपायला सांगायची.