पेटीला वायर नसते

"तुझ्या ट्रॅकमध्ये मागे सतत काहीतरी घूं घूं वाजत होतं. घरातल्या वायरिंगचा प्रॉब्लेम असणार. सगळं काढून टाकलंय. नो वरीज, मेट."

मिक्सिंग करणाऱ्या माणसाचा हा व्हॉइस मेसेज मी सिडनीजवळ गिरावीनच्या आमच्या गॅरेजमध्ये उभ्याउभ्या ऐकला आणि माझं डोकं फिरलं. माझ्या ट्रॅकमध्ये हार्मोनियम होती, आमच्या भाषेत पेटी. पेटीला वायर नसते. एका हाताने भाता मारायचा आणि दुसऱ्याने वाजवायचं, एवढं त्या माणसाला ठाऊक नसेल तर विचारायला काय झालं होतं? आणि ती मागची घूं घूं म्हणजे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये खुर्चीवर बसून तानपुरा छेडणारी माझी आई होती.

मुळात मी या भानगडीत पडले ती शेजाऱ्यामुळे. आमच्या कुंपणापलीकडे एक स्कॉटिश गृहस्थ राहतो. साठी उलटलेला, बसचालक म्हणून निवृत्त झालेला. तरुणपणी तिकडे त्याचा न्यू वेव्ह बँड होता. आईने मला विचारलं, न्यू वेव्ह म्हणजे काय गं? मी सांगितलं, ड्रम कोरडे, सिंथेसायझर थंडगार आणि गाणारा कायम कुणावर तरी रुसलेला. तेव्हा त्यांचा पहिला अल्बम व्हायचा होता. लंडनहून आलेल्या कुणा शहाण्याने याला सुनावलं, तुझे उच्चार कुणाला कळणार नाहीत, जरा साफ गा. हा नाही म्हणाला, आणि अल्बम राहिला तो राहिलाच. ही गोष्ट त्याने मला कुंपणावरून इतक्या वेळा सांगितली होती की मलाच त्या लंडनवाल्याचा राग यायला लागला होता.

मग करोना आला. बँडमधला त्याचा सिंथेसायझर वाजवणारा दोस्त तिकडे वारला. याला जाता आलं नाही, अंत्यविधी लॅपटॉपवर पाहिला. त्यानंतर उरलेल्यांनी ठरवलं की अल्बम आता करायचाच. ड्रम आणि बेस स्कॉटलंडहून येणार, हा आपल्या घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत, आवाज घुमू नये म्हणून रजया टांगून गाणार, आणि सगळं इंटरनेटवरून एका ओळखीच्या मिक्सिंगवाल्याकडे जाणार. सिंथेसायझरची जागा तेवढी रिकामी होती. एका आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, मी गॅरेजचं दार उघडं टाकून पेटी वाजवत होते, तेव्हा हा कुंपणाशी येऊन मुकाट उभा राहिला. "त्याच्या जागी मला दुसरा सिंथ नको," म्हणाला. "हे चालेल."

मी हो म्हटलं, कारण मला त्या दिवसांत काहीतरी हातात हवं होतं. नाहीतर मी रागानेच वेडी झाले असते. पुण्यात दुसरी लाट भयंकर होती, आई एकटी होती, आणि आमच्या ऑस्ट्रेलियाच्या सरकारने जाहीर केलं होतं की भारतातून परत येणाऱ्या आपल्याच नागरिकांना तुरुंगात टाकू. पासपोर्ट त्यांचाच, कर आमचा, आणि दार बंद. इतर देशांत साथ नव्हती की काय? मग जूनमध्ये, इथल्या थंडीत, सिडनीला लॉकडाऊन लागला. आमच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांवर हेलिकॉप्टरं घिरट्या घालायची, रात्री बाहेर पडायला बंदी, शेजारच्या वेंटवर्थव्हिलच्या मेन स्ट्रीटवर पोलीस. आणि टीव्हीवर समुद्रकाठच्या सबर्बांतली माणसं चटया टाकून ऊन खात बसलेली दिसायची. आमचा मिक्सिंगवाला तिथलाच.

आईने आयुष्यभर घरी गाण्याचा क्लास घेतला. आमच्या घरचा दंडक असा की आईने सूर दिल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. पाहुणा असो, वाढदिवसाला 'काहीतरी म्हणून दाखव' म्हणून उभं केलेलं पोर असो, आई आधी विचारणार, "पट्टी कोणती?" मग तानपुरा लावणार, आपण गप्प बसून तो कानात भरू द्यायचा, आणि मगच गायचं. लॉकडाऊनने क्लास बंद पडला. तानपुऱ्यांना गवसण्या चढल्या. फोनवर आईचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. "सूर द्यायला कुणी येतंच नाही," असं ती एकदा म्हणाली, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं. मला ते फार लागलं.

म्हणून मी तिला या स्कॉटिश गाण्याबद्दल सांगितलं. तिचा पहिला प्रश्न अर्थातच, "त्याची पट्टी कोणती?"

"पांढरी दोन."

तिने पुरुषांच्या पट्टीचा मोठा तानपुरा शेजारच्या सुनेकडून खाली काढून घेतला. तारा बदलल्या, घोडीवर जवारीचे दोरे सरकवत सकाळ घालवली. तारेला ती जी झणझण येते, ती या दोऱ्याने येते, आणि ती नीट जमली नाही तर आई दिवसभर कुणाशी बोलत नाही. शेजारच्या सुनेने फोन धरला, आईने छेडलं आणि मला पाठवलं. मी ते स्पीकरवर लावलं आणि त्या सुरात बसून पेटी वाजवली. पेटी आणि तानपुरा एकाच माइकमध्ये गेले. शेजारी कुंपणापलीकडून ऐकत होता; आमच्या घरचा दंडक मी त्याला आधीच सांगून ठेवला होता. संपल्यावर त्याने चष्मा पुसला.

इकडे आईने सगळ्या सोसायटीत सांगून टाकलं की आपण विलायती अल्बममध्ये आहोत. रोज फोन. "आलं का गं माझं?"

आणि आता तो मिक्सिंगवाला म्हणत होता, सगळं काढून टाकलंय, नो वरीज. नवं मिक्स लावून पाहिलं तर माझी पेटी पार आजारी माणसासारखी वाजत होती, आणि तिच्या मागे काहीच नव्हतं.

मी मास्क चढवून तडक कुंपणाशी गेले. शेजारी टोमॅटोच्या रोपांना काठ्या लावत होता.

"ऐकलंस तू ते?"

"ऐकलं. क्लीन झालंय. छान वाटतंय."

"आणि माझी आई कुठे गेली त्यातून?"

तो काठीकडे बघत राहिला. म्हणाला, तो माणूस अनुभवी आहे, मैत्रीखातर करतोय, त्याला पुन्हा काही सांगायचं म्हणजे अवघड होतं. आणि ती घूं घूं ठेवली तर ऐकणाऱ्यांना वाटेल आपले स्पीकर बिघडलेत.

"तुमच्या बॅगपाइपला खांद्यावर नळ्या असतात ना?" मी विचारलं. "त्या काय करतात?"

"ड्रोन? एकच सूर धरून ठेवतात."

"त्या कापून टाकल्या तर? क्लीन होईल."

मी थांबले नाही.

"तुझ्या आयुष्याचा पहिला अल्बम एका माणसाने बुडवला, साफ गा म्हणून. चाळीस वर्षं तू त्याला शिव्या घालतोयस. आणि आता तुझ्याच अल्बममध्ये कुणीतरी माझ्या आईला साफ केलं, तर तुला छान वाटतंय?"

तो काठी तिथेच टाकून घरात निघून गेला. मागे माझी लेक दारात उभी होती. "मम्मा, दॅट वॉज सॅव्हेज," ती म्हणाली. मला मुळीच वाईट वाटलं नाही. खरं तर अजून चार शब्द शिल्लक होते.

थोड्या वेळाने त्याच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. तो फोनवर होता. चिडला की त्याचे उच्चार इतके दाट होतात की मला निम्मं कळत नाही, पण 'ड्रोन' आणि 'तिची आई' एवढं कळलं. काही दिवसांनी नवं मिक्स आलं. आता गाण्याच्या सुरुवातीला नुसता तानपुरा होता, जवारीसकट. ड्रम नाहीत, बेस नाही. बराच वेळ तोच चालतो, मग माझी पेटी, आणि मग कुठे हा गायला लागतो, आपल्या सगळ्या स्कॉटिश उच्चारांनिशी.

"एवढा उशिरा का येतोस?" मी विचारलं.

"तिने सूर दिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं तूच म्हणाली होतीस."

व्हिडिओ कॉलवर आईला ऐकवलं. ती इस्त्रीची साडी नेसून बसली होती. गाणं संपेपर्यंत तिने डोळे मिटलेले होते. मग म्हणाली, "तानपुरा बरा लागलाय. गाणारा जरा रडका आहे, पण सुरात आहे. तुझ्या पेटीचा पंचम मात्र उतरलाय."

"इथे पेटी लावून देणारं कुणी नाही गं."

"मग घेऊन ये की. इथे लावून घेऊ."

माझ्या या देशाची, ऑस्ट्रेलियाची, सीमा तेव्हाही बंद होती. बाहेर पडायला सरकारची परवानगी लागत होती, आणि परत घेतील की नाही याचा भरवसा नव्हता. कुंपणापलीकडच्या माणसाला मी सुनावू शकले. राजधानीत, कॅनबेऱ्यात बसलेल्या सरकारी माणसांना मी कोणत्या कुंपणावरून सुनावणार होते?

"येते," मी म्हणाले.

"कधी?" आईने विचारलं.