राखी बांधून मिटवलेलं प्रकरण

हिंगोलीच्या एका कॉलेजात मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते, तेव्हा माझा चष्मा नाकावर असायचा आणि अक्कल बहुधा पर्समध्ये. एकदा सेनगावकडची एक पोरगी रडत आली. वर्गातल्या पोरानं प्रयोगशाळेत तिला धरून नको तिथं हात घातला होता. मी काय करावं? चौकातून राखी मागवली, दोघांना माझ्या खोलीत बसवलं आणि त्याच्या मनगटावर तिला बांधायला लावली. वर पेढाही भरवायला लावला. गाठ मारताना तिनं तोंड फिरवलं. मला वाटलं, लाजतेय. बाईंनी बराबर मिटवलं, असं प्राचार्य म्हणाले, आणि मी आठवडाभर कोंबड्यासारखी मान ताठ करून फिरले. त्याच आठवड्यात पोरगी ट्रंक घेऊन गावी गेली. परीक्षेलाही आली नाही. राखीचा भाऊ मात्र पास झाला.

आता मी म्हातारी त्याच कॉलेजच्या तक्रार समितीवर बाहेरची सदस्य आहे. गेल्या वर्षी आणखी एका मुलीची तोंडी तक्रार आली, प्रकार तसाच. कॉलेजातून नाव काढून तिला घरी न्यायला बापही आलेला. गावची जीप फाटकाबाहेर उभी. नवे प्राचार्य हळूच मला म्हणाले, राखी बांधून मिटवू, आपल्याकडे तशी पद्धतच आहे.

पद्धत! माझ्या मूर्खपणाची यांनी पद्धत करून ठेवली होती. अंगाचा तिळपापड झाला. मुलींसाठी ओढणी आणि मोबाईलवर एक व्याख्यानही ठेवू म्हणाले. मी म्हटलं, व्याख्यान ठेवा, पण ओढणीवर नको. दुसऱ्याच्या अंगाला हात लावू नये यावर ठेवा, आणि पोरांना पुढच्या बाकांवर बसवा.

बाप खाली बघून म्हणाला, "बाई, गावात बोभाटा झाला तं लगीन कसं व्हईल हिचं?"

मी त्याला राखीची हकीकत सांगितली, स्वतःला काही न वगळता. मग त्या पहिलीला मी जे कधी विचारलंच नव्हतं, ते हिला विचारलं. तुला काय पाहिजे?

"मला परीक्षा द्यायची हाय. मी काहून घरी बसू? त्याला बसवा."

तक्रार तिनं स्वतःच्या हातानं लिहिली. चौकशी होईपर्यंत पोराला आवारात बंदी, या कागदावर प्राचार्यांची सही होईस्तोवर मी खुर्चीतून हलले नाही. दुपारी तिचं प्रॅक्टिकल होतं. बापानं जीप परत पाठवली आणि ती बाहेर येईपर्यंत प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून राहिला.