मेडशीला नेलेला रंधा

अकोल्याच्या स्टँडवर वाशीमची एसटी लागली, तेव्हा मी पिशवी मांडीवर घेऊनच बसले. शेजारच्या मावशींनी ती चाचपून पाहिली.

"काय हाये वो बाई हे? भलतंच जड हाये."

"रंधा आहे. जपानचा."

"अवं माय! इकडचे सुतार मेले का काय, थेट जपानातून आनून राह्यली?"

मला हसू आलं, आणि जरा झोंबलंही. मेडशीला माझा थोरला भाऊ सुतार आहे. वडीलही सुतारच होते. त्यांच्या रंध्याच्या सर्र सर्र आवाजात मी अभ्यास केला, रुसले, झोपले. आता भाऊ मशीनवर फळ्या तासतो. ते मशीन असं किंचाळतं की घरात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही.

पातूर मागे पडलं आणि दोन्हीकडे तूर दिसू लागली. शेंगा भरल्या होत्या. मला मात्र ओकादा-सान आठवत होते. मी मुलाकडे जपानला गेले होते, तेव्हा क्योटोजवळच्या एका खेड्यात हे देवळं बांधणारे म्हातारे सुतार भेटले. त्यांचा कान्ना (रंधा) ढकलायचा नसतो, आपल्याकडे ओढायचा असतो. ते फळीच्या टोकाशी उभे राहिले आणि रंधा ओढत मागे मागे चालत गेले. कांद्याच्या सालीइतका पातळ, फळीएवढा लांब पापुद्रा निघाला. मुलगा फोटो काढत होता. मी डोळे मिटून ऐकत होते. तोच आवाज! बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तो आवाज मला तिथे सापडला. मी रडले, मुलगा गडबडून गेला.

निघताना मी त्यांच्याकडून एक नवा कान्ना मागून घेतला. "नवा रंधा अर्धाच असतो, उरलेला वापरणारा करतो," असं ते म्हणाले आणि मुलाने मला ते मराठीत सांगितलं. मी नुसती मान डोलावली. मला एवढंच हवं होतं की तो आवाज एकदा भावाच्या हातून निघावा.

भाऊ मेडशीच्या स्टँडवर घ्यायला आला होता. वहिनीने सोल्यांची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) भाजी आणि गरम भाकरी वाढली. जेवण होताच मी तो ओढत मागे कसं चालायचं ते सांगितलं आणि रंधा काढून त्याच्यापुढे धरला. त्याने हात पाठीमागे नेले.

"आज अमावस्या हाये बाई. अवजाराले हात नाई लावत."

कोपऱ्यात पाटावर त्याची धुतलेली अवजारं कुंकू लावून ठेवली होती.

"सकाळी माझी गाडी आहे रे!"

"मंग? बाबानं लावला होता का कवा?"

ओकादा-सानही नव्या वर्षाला अवजारं पुसून त्यांच्यापुढे मोची (भाताचे चिकट लाडू) ठेवतात आणि त्यांना सुट्टी देतात. त्यांनीच मला तसं सांगितलं होतं. त्यामुळे रुसायला जागा नव्हती. तरी मी रुसलेच.

भाऊ मात्र हात पाठीशी तसेच ठेवून रंध्याभोवती फिरला. वाकून त्याने लाकडाचा वास घेतला.

"वास घेतल्यानं अमावस्या नाई मोडत," वहिनीकडे बघत तो म्हणाला. मग गंभीर झाला. "आपल्या हवेनं लाकूड सुकलं. पातं आवळलं पाह्य. जोर लावला तं फुटन."

"म्हणजे बिघडला?"

"नाई वं. खाच तासून पातं बसवा लागन. पन आता हातचं काम कोनाले पाह्यजे?"

"मले पाह्यजे," मी म्हणाले. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून तो 'मले' निघाला.

सकाळी त्याने मला गाडीत बसवून दिलं. रंधा पाटावर, त्याच्या अवजारांशेजारी ठेवून मी रिकामी पिशवी घेऊन पुण्याला परतले. इतक्या लांबून रंधा नेला आणि ऐकायचं ते राहूनच गेलं, ही हुरहूर काही जाईना. कौतुक करायला आपण परदेशी जातो. तिथे जे आवडतं ते बहुतेक वेळा आपल्याच घरातलं हरवलेलं असतं, हे मला त्या रिकाम्या पिशवीने शिकवलं.

मग एका दुपारी फोन आला.

"बाई, बोलू नोको. आयक."

फोन फळीवर ठेवल्याचा आवाज झाला. मी गॅस बंद केला, पंखा बंद केला. सर्र... मग आवाज थांबला. भाऊ हसत होता. "मांगं चालता चालता भिंतीलेच टेकलो! आपली खोली लहान पडते." पुन्हा सर्र... या वेळी लांब, सलग.

"आयकू येते का?" त्याने विचारलं.

येत होतं. पण मी बोलले तर तो थांबेल, म्हणून मी उत्तरच दिलं नाही.