प्रकाशच्या शेजारी बसताना

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या घरी तगरीची फुलं काढत होते. "आक्का, ह्यांना दवाखान्यात नेलंय, तुमी लगेच या," एवढंच ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "गाडी घेऊन गेलता काय?" ती म्हणाली, "न्हाय वं आक्का. पोहे खाईत बसलेले. बशी हातातनं पडली." रिक्षात बसले तेव्हा मला थोडं हायसं वाटलं होतं, हे खरं आहे. गाडी नव्हती ना? मग बाकी काय व्हायचंय, ॲसिडिटी असेल, चक्कर असेल. दवाखान्यात पोचले तर सुनंदा, माझी भावजय, बाहेरच्या बाकावर एकटी बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं. माझा धाकटा भाऊ प्रकाश गेला, त्याला आता महिना उलटून गेला.

मी त्याच्यापेक्षा बरीच मोठी. येळ्ळूरला, आमच्या गावी, आई शेतावर गेली की तो माझ्या ताब्यात. त्याला सांभाळायचं म्हणजे सतत त्याची धास्ती घ्यायची, ही सवय मला तेव्हापासून लागली. जुनी बेअरिंगं आणि फळकूट जोडून त्यानं एक गाडी केली होती आणि गडाच्या बाजूच्या उतारावरून तो ती सोडायचा. ओरडून काही उपयोग नसायचा. एकदा मीच पुढे जाऊन त्या फळकुटावर बसले, तर हा टाचा रस्त्याला घासत, हळूहळू गाडी खाली घेऊन आला. "तू बसलीस की गाडी जड हुतीया," तो कुरकुरला. मला मात्र उपाय सापडला होता. आपण शेजारी बसलं की हा हळू चालवतो. पुढे मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला लागले, तो आयटीआय करून उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत गेला, त्याचं लग्न झालं, केस पिकले, तरी आमच्या दोघांतला हा करार बदलला नाही. त्यानं मोटरसायकल घेतली, मी मागे बसले. आणि साठीला टेकल्यावर त्यानं ती गाडी बांधली, तेव्हाही तिच्यात पहिल्यांदा बसले ती मीच.

'हॉट रॉड' हा शब्द मी त्याच्याच तोंडून ऐकला. शब्दकोशात बघून काही बोध होईना. "सोपं हाय गं," तो म्हणाला, "जुनी गाडी घ्यायची, पुढनं सगळं उघडं ठेवायचं, आणि आत लई दांडगं इंजिन घालायचं." भंगारातल्या एका जीपची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, छोट्या ट्रकचं इंजिन, मागे रुंद चाकं, आणि स्वतःच्या हातानं ठोकून काढलेला पत्रा. हळदीसारखा पिवळा रंग. गल्लीतले लोक म्हणायचे, "प्रकाशअण्णा, हिला पेट्रोल लागतंय का कोळसा?" आणि तो हसून म्हणायचा, "बसा की, मग सांगतो." कुणी बसत नसे. सुनंदानं तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मला संसार हाय."

प्रकाश फौंड्रीत पॅटर्न करायचा, म्हणजे ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने. वाळूत तो नमुना दाबायचा, काढायचा, आणि उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. लाकूड हातात घेतलं की त्याला त्यातलं लोखंड दिसायचं. आमच्या बेळगावच्या फौंड्रीवाल्यांना एक अभिमान असतो, जगातलं काहीही आपण ओतू शकतो. त्यामुळे गाडीला जे जे मिळेना ते ते त्यानं ओतून घेतलं. दिव्याची कडी ओतली, पेडल ओतलं, आणि पुढच्या चाकांना वळवणारा जो हात असतो, स्टिअरिंगचा, तोही ओतला. त्याच्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवत तो मला म्हणाला होता, "बघ, लोणी हाय." मीही बोट फिरवलं. खरंच सुरेख होता.

निपाणीच्या बाजूला अशा गाड्यांच्या वेड्यांचा एक अड्डा होता. रविवारी मिसळ खायला जमायचे आणि एकमेकांच्या गाड्यांत खोट काढायचे. त्यांना दाखवायला म्हणून प्रकाश निघाला, आणि तो हळू चालवेल म्हणून मी त्याच्या शेजारी बसले. संकेश्वर मागे पडेपर्यंत मी डोळे उघडेच ठेवले होते. तवंदी घाटाची उतरण लागली तेव्हा मिटले. समोर काच नाही, दार नाही, खाली रस्ता पळतोय, आणि वळणावर गाडी आधी नको तिकडे झुकते, मग सावकाश विचार करून आपल्याकडे वळते... मी त्याच्या शर्टाची बाही धरून ठेवली होती. "आक्का, सोड गं, स्टिअरिंग फिरवू दे की!" तो वाऱ्यात ओरडत होता, आणि हसत होता.

अड्ड्यावर सगळ्यांनी गाडीभोवती कडं केलं. त्यात बेळगावच्या कॅम्पात राहणारे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांची सगळी नोकरी लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलेली. ते एक शब्द न बोलता रस्त्यावर उताणे झाले आणि गाडीखाली सरकले. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "हा हात कुणी ओतला?"

"मीच," प्रकाश म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता.

सुभेदार बाहेर आले, उभे राहिले, गाडीची चावी काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली. "ही गाडी इथनं हलणार न्हाय."

"का? आमच्या भट्टीचं लोखंड हाय ते, साहेब. असलं तसलं न्हाय."

"भट्टी चांगली असंल. पण हे ओतीव हाय, घडीव न्हाय. घडीव लोखंड आधी वाकतं, तुला सांगतं. ओतीव सांगत न्हाय. एकदम तुटतं."

निपाणीचे बाबूशेठ, ज्यांचं तंबाखूचं गोदाम जवळच होतं, ते मिशीतल्या मिशीत म्हणाले, "बेळगाववाल्यांच्या हातात भट्टी दिली तर जेवायचा चमचाबी ओतून घेतील." सगळे हसले. प्रकाश हसला नाही. फौंड्रीतल्या सवयीनं त्यानं एकाच्या जागी दोन हात ओतले होते, दुसरा हत्यारांच्या पेटीत होता. तो काढून त्यानं सुभेदारांपुढे धरला आणि म्हणाला, "तोडून दावा."

गोदामातल्या व्हाईसच्या जबड्यात तो हात पकडला, शेजारी एका जुन्या जीपचा घडीव हात. सुभेदारांनी घडीव हातावर मोठा हातोडा घातला. तो मुडपला. पुन्हा घातला, आणखी मुडपला. मग ओतीव हातावर एकच घाव. कडक भाकरी मोडावी तसा आवाज झाला आणि अर्धा तुकडा तंबाखूच्या पोत्यांपाशी जाऊन पडला. प्रकाशनं तो तुकडा उचलला, तुटलेल्या बाजूची करडी रवाळ कड बराच वेळ बघितली, आणि मग माझ्याकडे बघितलं. आम्ही नुकतेच घाट उतरून आलो होतो. मी पोत्यावर बसले. त्या दिवशी आम्ही एसटीनं परत आलो.

मला वाटलं होतं, संपलं. पण पुढच्या रविवारी तो सकाळीच दारात. "आक्का, निपाणीला चाललोय. येतीस?" गाडी चालवायची नव्हती, तरी मी गेले. का गेले, सांगता येणार नाही. वर्षभर बाबूशेठच्या त्या गोदामात गाडी सुटी होऊन पडली होती. सगळा सांगाडा उघडा केला. ओतलेलं एकेक काढून टाकलं, घडीव आणून बसवलं. ब्रेकच्या नळ्या दोन वेगळ्या केल्या, एक फुटली तर दुसरी असावी म्हणून. इंजिनसुद्धा बदलून लहान घेतलं, त्यावर मात्र प्रकाश दोन रविवार कुणाशी बोलला नाही. सल्ले तर काय, जो येईल तो देई. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी सीटच्या मागे लोखंडी कमान घालायला लावली. "उलटली तर मुंडकं वाचंल," ते सहज म्हणाले, जसं सर्दीला औषध सांगावं. मी तंबाखूच्या वासानं शिंकत कोपऱ्यात पुस्तक वाचत बसायचे आणि एकही पान पुढे सरकायचं नाही. प्रत्येक सल्ला म्हणजे मी न कल्पिलेलं एक नवं मरण. चाक निखळू शकतं. नळीतून तेल गळून आग लागू शकते. तोवर माझी भीती ढोबळ होती, त्या लोकांनी तिला एकेक नाव दिलं.

सुभेदारांचा एक नियम होता. ज्यानं नट आवळला त्यानं त्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढायची, आणि दुसऱ्या कुणीतरी तो तपासून लाल रेघ ओढायची. आपलं आपण तपासायचं नाही. प्रकाशला आधी हे अपमानाचं वाटलं. "चाळीस वर्षं नट आवळालोय मी!" सुभेदार म्हणाले, "म्हणूनच." हळूहळू तो बदलला. सुनंदा सांगते, घरी गॅसचं बटण बंद केलं की तिला हाक मारायचा, "तू एकदा बघ गं." मला हे बघून बरं वाटायचं. इतकी वर्षं मी एकटीच भीत आले होते, आता जोडीला कुणीतरी आलं होतं.

गाडी उभी राहिली, परवानगीच्या चकरा संपल्या, बाबूशेठनी नारळ फोडला आणि आम्ही बेळगावला निघालो. प्रकाश चालवत होता, मी शेजारी, मागे जीपमध्ये सुभेदार आणि बाबूशेठ. गाडी आता सांगितल्या बाजूला वळत होती. घाटाच्या मध्यावर त्यानं ती कडेला घेतली, बंद केली, उतरला आणि कठड्यावर जाऊन बसला.

"काय झालं रं? काय तुटलं?"

"काय तुटलं न्हाय. जरा बसतो."

सुभेदार धावत आले आणि टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. बाबूशेठ चाकं बघू लागले. मीसुद्धा वाकून, कळत नसताना, खाली बघत होते. सगळ्या रेघा जागेवर होत्या. "कायबी न्हाय," सुभेदार म्हणाले. प्रकाशनं रुमालानं मान पुसली आणि म्हणाला, "आता तुमी घ्या, साहेब." त्यानं आपल्या गाडीचं चाक आयुष्यात कुणाच्या हातात दिलं नव्हतं. मी जीपमध्ये गेले, तो माझ्या जागेवर बसला. "भ्या वाटलं व्हय?" मी जाता जाता विचारलं. "व्हय की," तो म्हणाला, आणि हसला. मला वाटलं, शेवटी हाही भ्यायला शिकला. मनातून आनंद झाला.

पुढे महिन्याभरात तो गेला तेव्हा दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं कदाचित काही आठवडे आधीपासून असेल, काही त्रास जाणवत होता का? सुनंदानं माझ्याकडे बघितलं. मी घाटातलं सांगितलं. ते म्हणाले, असेलही, नसेलही. खरं काय ते आता कुणाला कळणार नाही... पण तो कठड्यावर बसलेला असताना आम्ही सगळे गाडीखाली बघत होतो, हे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

गाडी त्याच्या घराशेजारच्या शेडमध्ये आहे. तिचं काय करायचं, हा प्रश्न तेराव्यापासून घरात फिरतोय. कुणी म्हणालं विका. विकली तर कुठल्या तरी घरात माझ्यासारखी कुणी दारात वाट बघत बसेल, या विचारानं मला झोप येईना. सुनंदा म्हणाली, "आक्का, तुमी सांगाल तसं." गेल्या रविवारी सुभेदार आले. "नुसती उभी राहिली तर ब्रेक गंजून धरतील. फिरवून आणतो. पण ह्या गाडीत एकट्यानं जायचं न्हाय, हे आमचं ठरलेलं हाय," असं म्हणून ते सुनंदाकडे बघत राहिले. ती पदर तोंडाला लावून आत गेली. मग मी चप्पल घातली.

सीटवर बसले आणि कमरेचा, हातानं आवळायचा पट्टा लावला, तर तो पोटावर सैल पडला, चांगला वीतभर. आधी मला कळेना. मग कळलं. घाटापासून घरापर्यंत या जागेवर तो बसला होता, त्यानंतर कुणी बसलंच नव्हतं. तो पट्टा त्याच्या अंगाच्या मापाचाच राहिला होता. मी हात आत घालून बघितला, मधे तेवढी जागा होती.

सुभेदारांच्याही ते ध्यानात आलं असावं. इंजिन सुरू न करता ते समोर बघत बसले. "राहू दे का, असाच?" मी विचारलं.

ते म्हणाले, "सैल पट्टा चालत न्हाय, आक्का."

"व्हय," मी म्हणाले. त्यांनी हात पुढे केला, तो मी बाजूला सारला. पट्ट्याचं टोक शोधलं आणि हळूहळू, माझ्या अंगाला लागेपर्यंत, मीच ओढून घट्ट केलं. मग त्यांना म्हटलं, "तुमी एकदा तपासा."