आत येणाऱ्या डेटाचा रकाना

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिला डब्यात उरलेल्या भाजीवरून माझा दिवस कसा गेला ते कळतं. तुम्हाला सांगतो.

सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं नेटवर्क मी सांभाळतो. एखाद्या कॉम्प्युटरवरून नेहमीपेक्षा जास्त डेटाची ये-जा झाली की वाजणारा अलार्म मीच साहेबांच्या मागे लागून बसवून घेतला. तीन महिने तो वाजलाच नाही. साहेब येता-जाता विचारायचे, "काय, सापडला का चोर?" — लागायचं मला.

मग एके दिवशी वाजला. स्टोअरचा कॉम्प्युटर, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशीही तेव्हाच. वीस मिनिटं आलेखावर उंचवटा, मग पुन्हा सपाट रेघ. काय असेल? चोरी म्हणावी तर डेटा नुसता बाहेर जायला हवा — इथे जेवढा जात होता, जवळजवळ तेवढाच आत येत होता. मला चैन पडेना. चौथ्या दिवशी जेवण सोडून स्टोअरच्या काचेशी जाऊन उभा राहिलो.

आत आमचे स्टोअरकीपर दत्तूभाऊ, पुढ्यात डबा. स्क्रीनवर त्यांची बायको, काष्टी गावच्या घरातून. दोघं हातांनी बोलत होती. वहिनींना ऐकू येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मोबाईल सगळ्यांनाच गेटवर जमा करावा लागतो. बाकीचे कँटीनच्या फोनवरून घरी बोलतात. यांनी काय करावं? वहिनींनी बोटं जुळवून ओठांशी नेली — जेवलात का? एवढं मलाही समजलं. किती छान वाटलं म्हणून सांगू.

आणि वर जाऊन मी अहवाल लिहिला. बाहेर गेलेल्या डेटाचा आकडा ठेवला. आत येणाऱ्याचा रकाना — तो मी काढून टाकला. पुढे लिहिलं, 'कारण अज्ञात'. अज्ञात? माझ्या अलार्मने काहीतरी पकडलं हे दाखवायचं होतं, बस्स.

स्टोअरचं इंटरनेट त्याच दिवशी बंद झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

दत्तूभाऊ माझ्याकडेच आले. "भाऊ, लाईन गेली का वो? मी जेवताना दिसल्याबिगर ती घास घेत न्हाई." मी म्हणालो, वरून बंद झालंय, बघतो. सोमवारी त्यांनी घरच्या झाडाची पिशवीभर लिंबं आणून दिली. "तुमी लई खटपट करताय आमच्यासाठी." मी घेतली. आम्ही लोणचं घातलं.

दोन वर्षं झाली. ती लाईन सुरू करायला मला पाच मिनिटं लागतील — पण मग रकान्याचं सांगावं लागेल. आता जेवणाची सुट्टी झाली की दत्तूभाऊ आधी गेट गाठतात, रांगेत उभे राहून मोबाईल घेतात. काल मी गेटवरच होतो. वहिनींची जुळवलेली बोटं मला त्या छोट्या स्क्रीनवर दिसली. दत्तूभाऊंनी हसून मान हलवली, जेवलो म्हणून. परत येताना मी स्टोअरवरून आलो. डबा टेबलावर होता, न उघडलेला.