टॉकीजच्या इंजिनावर भुईमूग

मला मशीन कुणी शिकवलं नाही. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं गिरणीनं शिकवलं. झरीच्या अलीकडं आमचं गाव. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, रेल्वेत, पूर्णेला राहायचे, आठवड्यातून एकदा घरी. मग पिठाची गिरणी चालवायची कुणी? मीच. पट्टा मीच चढवायची, दगड गुळगुळीत झाला की त्याला टाकी मीच लावायची आणि मोटर कण्हायला लागली की तिला काय दुखतंय तेही मीच ओळखायची.

ही गोष्ट विद्यापीठाच्या नामांतराच्या धामधुमीतल्या एका उन्हाळ्याची. एस्टी कधी चालू, कधी बंद. त्याच्या आदल्या दिवाळीत मी गिरणीसाठी एक जुना डिझेल इंजिनाचा जनरेटर घेतला होता. देवगाव फाट्याकडं तंबूची फिरती टॉकीज यायची, तिच्या मालकानं तंबू मोडला आणि जनरेटर माझ्या दारात आला. त्याच्या बोर्डावर एक बल्ब होता. लोड वाढला की तो लाल व्हायचा, कमी झाला की पांढरा. मी मीटरच्या काट्याकडं कधी बघितलंच नाही, बल्बाकडं बघायची.

आता माझ्या धाकट्या जावेचं सांगते. तिचा नवरा वारला, तीन एकर तिच्या वाट्याला आलं. मधल्या दिराचं म्हणणं, रान मला बटईनं दे, पीक निम्मं निम्मं, बाईमाणसाला कुठं झेपायलंय. जाऊ म्हणाली, एक पीक मला करू द्या. हेसुद्धा ती दाराआडून मला म्हणाली आणि मी बाहेर येऊन सांगितलं, कारण दीर माझा, तिचा तो भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यापुढं तोंड उघडायची रीत नव्हती. चार लोकांत ठरलं. उन्हाळी भुईमूग पदरात पडला तर रान तिचं ती करील. वाळला तर बटई, आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

भुईमूग असा आला होता म्हणून सांगू! आणि नेमक्या शेंगा भरायच्या वेळेला शिवारातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. गावात लाईट, रानात अंधार. वायरमन म्हणाला, अजून आठ दिवस तरी धरा. जाऊ सकाळी गिरणीत आली. हातात भुईमुगाचं एक झाड, पानं मिटलेली.

"बाई, दुपारची मिटायची तर समजलं असतं. आता पाण्याविना सकाळीच मिटायलीत."

मी झाडाकडं बघितलं, मग जनरेटरकडं बघितलं. मी चालू गिरणी बंद केली. दळायला बसलेल्या बाया ओरडल्या, "आगं, आमचं पीठ!" मी म्हटलं, "पीठ उद्या. आज पाणी."

बैलगाडीत दोराखंडानं जनरेटर बांधला. सालगडी पुढं, आम्ही दोघी मागून धरून. वाटेत पारावरची माणसं हसायला लागली. "वैनी, आज कोणता पिच्चर हाय?" मी म्हटलं, "भुईमूग! या बघायला, तिकीट न्हाई." आणि खरंच निम्मं गाव आलं की मागं.

विहीर सामाईक. जावेची मोटर एक, दिराची एक. खांबावरून एकच वायर यायची आणि दोघांच्या मोटरच्या खोप्यांत फुटायची. मी आधी खांबाकडची वायर सोडवली. नाहीतर आपला करंट उलटा तारेवर चढतो आणि दुसरीकडं काम करणाऱ्याचा जीव जातो. एवढं मला गिरणीत कळलं होतं. मग त्याच वायरीला जनरेटर जोडला. जाऊ शेणकाल्याची बादली घेऊन विहिरीच्या टप्प्यावर उतरली, पंपात ओतली. शेणानं खालचा व्हॉल, पाण्याची झडप, धरतो, पाणी गळत नाही. मग नारळ फोडला. सालगड्यानं हँडल मारलं, इंजिन धडधडलं, बल्ब पांढरा फक्क!

माझा हात अजून जावेच्या मोटरच्या हिरव्या बटनावर गेला नव्हता. बल्ब लालबुंद झाला, इंजिननं काळा धूर ओकला आणि बंद.

पुन्हा मारलं. पुन्हा तेच. दीर बांधावर उभा. "वैनी, नाचगाण्याचं इंजिन ते, त्याला पाणी काय वढायचंय? सोडा. पोरीला सांगा, ठरलंय ते ठरलंय." जाऊ पदर ओढून खाली बघत राहिली. सकाळचं ते झाड तिनं पुन्हा हातात घेतलं होतं.

मला मात्र खटकलं. मी बटन दाबलंच नाही, मग जनरेटरला ओढलं कुणी? तिसऱ्यांदा हँडल मारायला लावलं आणि मी बल्बाकडं नाही, विहिरीकडं बघितलं. इंजिन मरता मरता दिराच्या पाइपानं पाण्याची एक गुळणी टाकली!

"भाऊजी, तुमच्या खोपीची किल्ली द्या."

"का?"

"द्या म्हटलं ना."

किल्ली त्याच्या करदोड्याला. कुलूप काढलं, तर स्टार्टरच्या हिरव्या बटनात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी खोचलेली! आमच्याकडं सगळेच असं करायचे. लाईट कधी येईल नेम नाही, मग बटन काडीनं दाबून ठेवायचं, लाईट आली की मोटर आपोआप चालू. डीपी जळाली तरी काडी तिथंच. माझ्या जनरेटरनं दम घेतला की आधी त्याचीच मोटर उठायची, तीही पाण्यानं भरल्या पाइपासकट. सगळे हसायला लागले. दीरही हसला, पण कसनुसा.

दिरानं काडी काढली, हातातच ठेवली. आता आपली मोटर. मी बटन दाबलं, बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा झाला, मोटर अर्धी फिरली, घुरघुरली. मी झटकन लाल बटन दाबलं. काडी गेली तरी जड जायलंय. मोटर उठताना लय ओढते हो, एकदा फिरली की शहाणी. आता म्हणे अशा पेट्या निघाल्यात, मोटरला हळूहळू उठवतात. नातवाच्या रानात आहे तशी, मी तिच्यावरून हात फिरवून बघते. तेव्हा पेटी कुठली?

पण मला गिरणी आठवली. गिरणी चालू करताना मी दगडात दाणा ठेवते का? आधी रिकामी फिरवायची, वेग आला की मग दाणा सोडायचा. पंपाचा दाणा म्हणजे पाणी!

"आगं, पाइपाचा व्हॉल बंद कर! पुरता बंद!"

"बंद करून पाणी कसं येईल बाई?"

"कर तर!"

तिनं व्हॉल आवळला. सालगड्याला म्हटलं, इंजिनची रेस थोडी चढव. बटन दाबलं. बल्ब लाल झाला, आणि मग नारिंगी, पिवळा, पांढरा! मोटर फिरायला लागली, कशी, तर सुरात.

"आता सोड! हळू! दाणा सोडल्यासारखा!"

जाऊ व्हॉलचा एक एक आटा फिरवायली, मी बल्बाकडं बघून ओरडायली, "थांब! आता थोडं! थांब! आता!" आणि पाणी आलं. आधी करंगळीएवढं, मग मनगटाएवढं, मग पाइपाचं तोंड भरून. माणसं टॉकीजमध्ये मारावी तशी शिट्टी मारायला लागली. मी बाई, पन्नाशीकडं झुकलेली, चिखलात उड्या मारल्या, खोटं कशाला सांगू!

जाऊ पाण्याबरोबर सरीनं चालत गेली, पार शेवटच्या वाफ्यापर्यंत. परत आली तेव्हा दीर धुऱ्यावर, बांधाशी, माझी वाट बघत होता.

"वैनी, आमचाबी भुईमूग वाळायलाय. तेवढं इंजिन..."

मी उत्तर द्यायच्या आतच जाऊ बोलली. इंजिनच्या आवाजात बोलायचं म्हणून मोठ्यानं, थेट त्याच्याकडं बघून.

"या की दादा. माझं तीन एकर भिजलं की तुमची पाळी. रान माझं मीच करणार हाय, तवा पाळी दरसालची धरा. अन् ती काडी टाकून या!"

दिरानं हातातली पऱ्हाटीची काडी मोडली, विहिरीकडं गेला आणि आपल्या पाइपाचा व्हॉल बंद करायला लागला.