वाचून दाखवले, समजावून सांगितले

“ऊठ, साहेबांना बसू दे. तुला उभ्यानं लिहिता येतं.”

सर मला म्हणाले. मी उठले. वही छातीशी धरून कपाटाला टेकून उभी राहिले. बियाणे कंपनीचे मॅनेजर माझ्या खुर्चीत बसले आणि माझ्याकडे न बघता त्यांनी सरांना विचारलं, “ही बोलत न्हाई का?”

“बोलत न्हाई. इंग्रजी मात्र फर्स्टक्लास. मशीन आहे आमचं. कागद घाला, छापून येतो.”

दोघे हसले. मीही हसले. त्याची लाज अजून जात नाही.

सर जालन्यातले मोठे वकील. सकाळी लॉ कॉलेजात व्यापारी कायदा शिकवायचे, दुपारी आम्हा विद्यार्थ्यांतल्या दोघा-तिघांना आपल्या ऑफिसात कामाला बसवायचे. त्याला प्रॅक्टिकल म्हणायचे. गुण त्यांच्याच हातात. माझे वडील बदनापूरजवळ एका शेतकी फार्मवर रोजंदारीवर. तिथल्या एका साहेबांनी शब्द टाकला म्हणून मी इंग्रजी शाळेत गेले. शाळेत एक गोष्ट पक्की शिकले. तोंड उघडलं की घर कळतं. इंग्रजी लिहिताना घर कळत नाही. म्हणून मी लिहीत राहिले.

वर्गात संमतीची व्याख्या म्हणायला सर मलाच उभं करायचे. दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तर ती संमती. मी इंग्रजीत घडाघडा म्हणायचे. सर म्हणायचे, “ऐका उच्चार.” अर्थ कोणी विचारला नाही.

बालहक्कांचा विषय मात्र मी स्वतः घेतला होता. तो शिकवायला औरंगाबादहून एक मॅडम एसटीनं यायच्या. वर्गात आम्ही चौघी. सरांनी यादी पाहिली आणि म्हणाले, “पोरं सांभाळायचा कोर्स? तो लग्न झालं की फुकटात होतो.” मॅडम पहिल्या तासाला म्हणाल्या होत्या, मुलाच्या वतीनं बोलायचं तर आधी त्याला विचारायचं, काय झालं. मी ते वहीत उतरवून घेतलं. तेवढंच.

ऑफिसात त्या हंगामात करारांचं काम होतं. आमच्या भागात कपाशीचे सीड प्लॉट असतात. कंपनी शेतकऱ्याला बी देते, शेतकरी मजूर लावतो, तयार झालेलं संकरित बी कंपनी घेऊन जाते. मुख्य काम क्रॉसिंगचं. दुपारी मादी ओळीतली कळी नखानं सोलायची, दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचा पराग तिला लावायचा. एकेक कळी. हे काम मुलींचं. बोटं बारीक, उंची झाडाएवढी, वाकावं लागत नाही. करारात लिहिलेलं असायचं, मजुरांची जबाबदारी कंपनीची नाही. करार इंग्रजीत. शेवटी एक ओळ: मजकूर वाचून दाखवला, समजेल अशा भाषेत समजावून सांगितला. खाली माझी सही.

मी कुणालाही काही वाचून दाखवलं नव्हतं. सर म्हणायचे, “वाचत बसलीस तर संध्याकाळ होईल.” शेतकरी रांगेत उभे. अंगठा, सही, पुढचा. मला वाटायचं, सर माझ्यावर विश्वास टाकतात.

मॅनेजर आले त्या दिवशीचा कागद वेगळा होता. घनसावंगीकडच्या एका प्लॉटवर सकाळी फवारणी झाली आणि लगेच मुलींना आत घातलं. एक मुलगी चक्कर येऊन पडली. जगली, पण हातांची थरथर थांबली नाही. आमच्या मॅडमना कळलं. त्यांनी कलेक्टरकडे चौकशीसाठी अर्ज केला. चौकशीच्या आधी कंपनीला कागद हवा होता.

सर सांगत गेले, मी इंग्रजीत लिहीत गेले. मुलगी प्लॉटमालकाची भाची, म्हणजे मजूर नाही, घरचीच. सुट्टीत मामाकडे आलेली. खेळता खेळता आपणहून शेतात गेली. आईची कुणाविरुद्ध तक्रार नाही.

मग बाहेर बसवलेल्या मायलेकींना आत बोलावलं. आई फरशीवर बसली. मुलगी तिला चिकटून. अकरावं लागलेलं. उजव्या अंगठ्याचं नख कळ्या सोलायला वाढवलेलं, कडेनं काळंहिरवं. तो हात ती दुसऱ्या हाताखाली दाबून धरत होती. दोन्ही हलत होते.

सरांनी शाईचा पॅड पुढे केला. “मावशी, लावा अंगठा. दवाखान्याचा कागद आहे.”

आईनं अंगठा शाईत टेकवला आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. खोलीत आणखी बाई नव्हती.

“बाई, काय लिव्हलंय त्याच्यात?”

“सही कर,” सर मला म्हणाले.

 मी कागद उचलला आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागले. अडखळत. इतक्या लोकांसमोर मी कधी बोलले नव्हते.

“भाची?” आई म्हणाली. “आमी कुठले सोयरे त्यांचे? पाणी बी वरून वाढत्यात आमाला. पुढं काय?”

मी पुढची ओळ सांगितली. तेव्हा मुलगी बोलली. “मी खेळत नव्हते. मुकादमानं हाक मारली म्हणून गेल्ते.”

“तुला कुणी विचारलं होतं?” सरांनी मला विचारलं.

“ह्या बाईंनी,” मी म्हणाले.

“वकीलसाहेब,” मॅनेजर म्हणाले, “तुमचं मशीन बोलून राह्यलं.”

कोणी हसलं नाही. आईनं अंगठा फरशीला पुसला, लेकीचा दंड धरला आणि बाहेर गेली. मी पेन टेबलावर ठेवलं. “मी सही करणार नाही,” म्हणाले.

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. मॅनेजर गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, “पाचच्या पॅसेंजरनं जातेस ना तू? एकटीच असतेस. जपून जात जा.” मग म्हणाले, “वडील अजून रोजंदारीवरच आहेत म्हणे. बघू.”

दुसऱ्या दिवशी बदनापूर स्टेशनवर एक माणूस बाकावर बसलेला. मी उतरले तसा उठला. माझ्या मागे फाटकापर्यंत आला आणि परत गेला.  तिसऱ्या दिवशीही तो तिथंच होता. चौथ्या दिवशी वडिलांना फार्मवर कोणीतरी विचारलं, पोरगी काय शिकून राह्यली?

वडील जेवताना म्हणाले, “माझं कायमचं होऊ दे. मंग काय करायचं ते कर.”

“कधी होईल?”

 माझ्या जन्माच्या आधीपासून ते रोजंदारीवर आहेत.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी मला वर्ग सुटल्यावर थांबवलं. त्यांच्या हातात चौकशीच्या फायलीतली नक्कल होती. तोच कागद. माझीच वाक्यं. खाली अंगठा. त्याखाली, वाचून दाखवले, समजावून सांगितले, आणि ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाची सही. मॅडम गावात जाऊन आल्या होत्या. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, जीप आल्ती. कुठं गेले, ते कोणी सांगेना.

“आई नाही, मुलगी नाही,” मॅडम म्हणाल्या. “त्या खोलीत काय झालं ते सांगणारी तू एकटी. पण चौकशी अधिकारी तुला विचारतील, आधीच्या कागदांवरच्या सह्या कोणाच्या. त्यात तू अडकशील. वकिलीची सनदही अडेल. मी तुला जा म्हणणार नाही.”

मी घरी आले. आठवतील तेवढ्या शेतकऱ्यांची नावं लिहून काढली. ज्यांच्या करारावर न वाचून दाखवता मी सही केली, ती सगळी. पानं भरत गेली. 

चौकशी परवा आहे. सर तिथं असतील. मॅनेजर असतील. मी उभी राहीन आणि सांगेन, या सगळ्या करारांवर माझी सही आहे आणि मी एकही वाचून दाखवला नाही. त्यानंतर त्या दुपारचं सांगेन, आई काय म्हणाली आणि मुलगी काय म्हणाली, शब्द न बदलता. मराठीत.

सनद अडायची तर अडेल. ती मुलगी त्यांची भाची नाही.